दोष दाखवणाऱ्याला बक्षीस, दुरुस्त करणाऱ्याला काय?

३१ जानेवारी २०२६ रोजी 'कर्ल' या ओपन सोर्स प्रकल्पाने आपली बक्षीस योजना गुंडाळली. सुरक्षेतली चूक दाखवा आणि डॉलर घ्या, अशी ही योजना हॅकरवन या व्यासपीठावर एप्रिल २०१९ पासून चालू होती. तेवढ्या काळात तिच्यातून ८७ खऱ्या त्रुटी सापडल्या आणि शोधणाऱ्यांना एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. नुसता जमाखर्च पाहिला तर योजना यशस्वी म्हणावी लागेल. तरीही कर्लचा जनक डॅनियल स्टेनबर्ग याने ती बंद केली, कारण खोट्या तक्रारी वाचता वाचता त्याची माणसे मेटाकुटीला आली होती.

कर्लचे नाव परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या मोंढ्यात कुणी ऐकले असण्याची शक्यता कमी. पण इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याचे काम करणारा हा कोड फोन, टीव्ही, मोटारी आणि सर्व्हर अशा अब्जावधी ठिकाणी बसलेला आहे. आडत्याच्या खिशातला स्मार्टफोन ज्या अँड्रॉइडवर चालतो, त्याचा गाभा असलेले लिनक्सही असेच खुले आहे. पिकाची नोंद, विजेचे बिल, मुलीच्या परीक्षेचा अर्ज, हे सगळे फोनवरून होऊ लागल्यापासून कुठल्या तरी दूरच्या देशात बसून हा कोड सांभाळणाऱ्या चार-दोन माणसांशी गोदाकाठच्या गावाचा रोजचा संबंध आला आहे. तो दिसत नाही, एवढेच.

कर्लच्या निर्णयाकडे मी म्हणूनच परदेशातली बातमी म्हणून पाहत नाही. माझा मुद्दा असा की बक्षीस योजनांनी चूक शोधण्याला किंमत दिली. आलेली तक्रार वाचण्याला आणि चूक दुरुस्त करण्याला दिली नाही. कंपनीच्या बाबतीत हे खपून जाते, कारण तिथे वाचणारा आणि दुरुस्त करणारा पगारी असतो. ओपन सोर्समध्ये तो पुष्कळदा नोकरी सांभाळून, रात्रीचे जेवण उरकून संगणकासमोर बसलेला स्वयंसेवक असतो. तिथे पैशाचा क्रम उलटा हवा: आधी दुरुस्ती, मग शोध. आणि तो उलटा केला तर गंगाखेडसारख्या गावातल्या, संगणक शिकू पाहणाऱ्या पोरांचे नुकसान होणार नाही, झालाच तर फायदाच होईल.

चूक दाखवणाऱ्याला पैसे देण्याची रीत जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकातली चूक काढणाऱ्याला २.५६ डॉलरचा धनादेश पाठवत असे. टेक् या त्याच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीतल्या चुकीसाठी ही रक्कम वाढत वाढत ३२७.६८ डॉलरवर जाऊन थांबली. अनेकांनी ते धनादेश बँकेत भरलेच नाहीत, मानाची वस्तू म्हणून जपून ठेवले. कनूथची शिस्तही पाहण्यासारखी आहे. टेक्‌मधल्या चुकांच्या तक्रारी थेट त्याच्यापुढे जात नाहीत. जाणकार स्वयंसेवक त्या आधी चाळतात आणि तो स्वतः काही वर्षांतून एकदा बसून त्यांचा निकाल लावतो. २०१४ मध्ये असा निकाल लागला, त्यानंतर थेट २०२१ मध्ये. बक्षीस जाहीर करण्याआधी या माणसाने आपला वेळ राखून ठेवला होता.

पुढे चूक दाखवण्याला पैसे देण्याची ही रीत कंपन्यांनी उचलली. १९९५ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरसाठी बक्षिसे लावली, २००४ मध्ये मोझिलाने गंभीर त्रुटीला ५०० डॉलर देऊ केले. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि फेसबुक यांच्या पैशातून 'इंटरनेट बग बाउंटी' उभी राहिली. कुणा एका कंपनीच्या मालकीचा नसलेला, पण सगळ्यांना लागणारा कोड तपासला जावा हा तिचा हेतू होता आणि तो चांगलाच होता.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही त्रुटी उघडकीस आली. ती शोधणाऱ्यांपैकी एक, गूगलमधला नील मेहता, याला इंटरनेट बग बाउंटीतून १५,००० डॉलर मिळाले. त्याने ते पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकले. पण त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट जगाला कळली. बँकांपासून दुकानांपर्यंत सगळे ज्याच्या भरवशावर व्यवहार करत होते, त्या ओपनएसएसएलला वर्षाला सुमारे २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. म्हणजे एक चूक दाखवण्याचे मोल सांभाळणाऱ्यांच्या साडेसात वर्षांच्या देणग्यांइतके झाले. बक्षीस योजनांचे मूळ दुखणे या हिशेबात आहे; कर्लमध्ये ते फक्त टोकाला गेले.

तिथे नेमके काय झाले? कर्लच्या सुरक्षेच्या तक्रारी पाहणारी माणसे सात. स्टेनबर्गने २०२५ च्या जुलैमध्ये मांडलेल्या हिशेबानुसार प्रत्येक तक्रारीत त्यांतली तीन-चार माणसे गुंततात आणि प्रत्येकाचा अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत वेळ जातो. आलेल्या तक्रारींपैकी सुमारे वीस टक्के एआयकडून लिहून घेतलेला कचरा होता. खऱ्या ठरणाऱ्या तक्रारींचे प्रमाण त्या वर्षी पाच टक्क्यांच्या आसपास घसरले. भाषा नीटनेटकी, मांडणी मुद्देसूद, वर 'गंभीर' असा शिक्का. आणि आत शोधावे तर ज्या फंक्शनमध्ये चूक असल्याचा दावा आहे ते फंक्शनच कोडमध्ये नाही. शंका विचारली की आणखी दोन पाने उत्तर, तेही यंत्राकडूनच आलेले.

इतर तक्रारींपेक्षा सुरक्षेची तक्रार जड असते, याला कारण आहे. दुरुस्ती होईपर्यंत ती गुप्त ठेवावी लागते. चारचौघांत टाकून 'कुणी पाहता का?' असे विचारता येत नाही. शिवाय शंभरातल्या पंच्याण्णव खोट्या निघाल्या म्हणून शहाण्णवावी न वाचता फेकण्याची सोय नसते. तीच खरी निघाली तर अब्जावधी यंत्रे उघडी पडतात. तक्रार करणाऱ्याला हरण्याचे काही मोल नाही. दहा ठिकाणी अर्ज टाकावेत, एखादा लागला तर लागला. या सोडतीच्या तिकिटांचा खर्च मात्र ती तपासणाऱ्याने भरायचा.

सगळा दोष एआयवर ढकलण्याचा मोह इथे होतो, पण तो टिकणारा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जोशुआ रॉजर्स या संशोधकाने एआयचीच अवजारे वापरून कर्लमधल्या संभाव्य चुकांची लांबलचक यादी पाठवली. तिच्यातून सुमारे पन्नास दुरुस्त्या झाल्या आणि स्टेनबर्गने त्याचे जाहीर कौतुक केले. यंत्राने दिलेले उत्तर पारखून घेण्याइतका कोड रॉजर्सला कळत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्लने एका त्रुटीसाठी ४,६६० डॉलर दिले, तेव्हाही ते जे सॅटिरो या कर्लच्या कामात आधीपासून मुरलेल्या माणसाला मिळाले. चांगला शोध बहुधा ओळखीतून येतो. जो कोडसोबत राहिला आहे त्याला त्याचे दुखणे आधी कळते. बक्षीस मात्र अनोळखी माणसाला सांगते की ओळख करून घेण्याची गरज नाही, फक्त दाव्याचा कागद आण.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकायला हवे. 'आजकालच्या पोरांना झटपट पैसा हवा' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाच्या जागी बसून पाहा. पुण्या-बंगळूरची नोकरी ओळखीने, कॅम्पस मुलाखतीने, सफाईदार इंग्रजीने मिळते, आणि या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे कमीच. बक्षिसाच्या व्यासपीठावर त्याला कुणी गाव विचारत नाही, आडनाव विचारत नाही, पदवी विचारत नाही. पाचशे डॉलर म्हणजे चाळीस हजारांहून अधिक रुपये. एवढा पगार हाती पडायला त्याच्या आसपासच्या कित्येकांना वर्षे लागतात. ही समानतेची चव खोटी नाही.

शिवाय व्यासपीठ त्याला आणखी एक गोष्ट देते, ती म्हणजे परवानगी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याला मनाई करते. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हेतू चांगला होता, हे कुणाला ठाण्यात समजावत बसायला आवडेल? जानेवारी २०१८ मध्ये आधारची माहिती पाचशे रुपयांत मिळते अशी बातमी 'द ट्रिब्यून'ने छापली, तेव्हा आधार प्राधिकरणाने पोलिसांत दिलेल्या तक्रारीत बातमीदाराचेच नाव आले. त्याच प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतःची बक्षीस योजना आणली, पण जागा फक्त वीस, आणि अट अशी की उमेदवार नामांकित व्यासपीठांच्या पहिल्या शंभरांत असावा किंवा मोठ्या कंपन्यांच्या अशा योजनांत नाव कमावलेला असावा. नवशिक्याला देशी दार बंद आणि परदेशी दार उघडे, अशी स्थिती असेल तर तो हॅकरवनकडे वळणारच.

यापेक्षा मोकळा प्रयोगही आपल्याकडे झाला आहे. २६ मे २०२० रोजी आरोग्य सेतू या अॅपचा अँड्रॉइडचा कोड खुला करण्यात आला आणि त्यासोबत महिनाभराची बक्षीस योजना जाहीर झाली. तिच्यात सुरक्षेच्या त्रुटींसाठी प्रत्येक प्रकारात एक लाख रुपये होतेच, पण कोड सुधारणाऱ्या सूचनेसाठीही वेगळे एक लाख ठेवले होते. अॅपबद्दलचे आक्षेप बाजूला ठेवले तरी ही तरतूद ध्यानात ठेवावी. दोष दाखवण्याच्या शेजारी सुधारण्याला तितकाच मान देण्याची कल्पना दिल्लीच्या कागदावर एकदा तरी उतरली होती.

याच ठिकाणी एक पेच आहे, तो बहुतेक चर्चांतून निसटतो. चालू सरकारी संकेतस्थळावर प्रयोग करणे परभणीच्या त्या मुलासाठी धोक्याचे. ओपन सोर्सचा कोड मात्र तो स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून, हवा तसा मोडून-तोडून पाहू शकतो. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, कारण परवाना हाच ती परवानगी आहे. शिकण्याची याहून निर्धोक जागा नाही. पण शिकणाऱ्यासाठी जी जागा सर्वांत सुरक्षित, तिचा राखणदार सर्वांत एकटा आणि बिनपगारी. कंपनीची दारे बंद म्हणून सगळी गर्दी त्याच्या अंगणात लोटते. हे बक्षिसाशिवायही घडते. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमात एका टीशर्टसाठी हजारो निरर्थक बदल जगभरच्या प्रकल्पांवर आदळले आणि आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावे लागले. २०२४ मध्ये एक्सप्रेस या प्रकल्पाच्या माहितीपानात आपले नाव घालण्याच्या विनंत्यांची रांग लागली, कारण एका शिकवणीच्या व्हिडिओत सराव म्हणून तेच दाखवले होते. दोन्ही वेळा त्या गर्दीत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. त्यांना कुणी तरी 'योगदान' शिकवले होते. पलीकडे वाचणारा माणूस बसला आहे, हे शिकवले नव्हते.

आणि तो माणूसच खचला तर? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. अँड्रेस फ्रॉइंड हा अभियंता वेगळेच काम करत होता. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्याला खटकले आणि तो मागे लागला. तिथे कुठलेही बक्षीस लावलेले नव्हते. चोरदार पेरणाऱ्याने साधलेली संधीही कोडमधली नव्हती. लासे कॉलिन हा एकटा माणूस वर्षानुवर्षे प्रकल्प ओढत होता, त्याने थकल्याचे उघड सांगितले होते, आणि मदतीचा हात पुढे करत एक अनोळखी इसम त्याच्या विश्वासात शिरला. माणसाचा थकवा हीच इथे सुरक्षेतली त्रुटी होती आणि ती नोंदवायला कुठल्याच व्यासपीठावर रकाना नाही. २०२५ मध्ये लिबएक्सएमएल-टू हा प्रकल्प सांभाळणाऱ्या निक वेलनहोफरने सुरक्षेच्या तक्रारींना गुप्ततेची खास वागणूक देणे थांबवल्याचे जाहीर केले, तेही याच कारणाने: दर आठवड्याचे तास त्यात जात होते आणि त्याचा कोड वापरणाऱ्या बलाढ्य कंपन्या दुरुस्तीला फिरकत नव्हत्या.

गावगाड्यातल्या सुताराला दर खेपेला नांगर दुरुस्तीचे पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले असे. वर्षभर अवजारे चालती ठेवायची त्याने, आणि त्याचे घर चालते ठेवायचे गावाने. या व्यवस्थेबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. तिने माणसाला जन्माने कामाला बांधले आणि ज्यांच्या माथी सर्वांत कष्टाचे काम मारले त्यांच्या पदरात सर्वांत कमी, तेही अपमानासह टाकले. पण तिच्यात एक हिशेब पक्का होता: अवजार मोडल्यावर आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा ते मोडू न देणाऱ्याचे पोट आधी भरले पाहिजे. आज ओपन सोर्सच्या खळ्यावर कंपन्यांची रास प्रचंड आहे. मोडलेला नांगर दाखवणाऱ्याला त्यातून पसाभर मिळतो आणि सुतार हात हलवत घरी जातो.

बक्षिसांमुळे आणखी एक गोष्ट झाकली जाते, आणि ती मराठी वाचकाला जास्त जवळची आहे. योजना फक्त सुरक्षेच्या त्रुटींना मोजतात. 'शेतकऱ्यांची यादी' हे शब्द घ्या. यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या 'ऱ'ला हलंत जोडून, एकदा साध्या 'र'नंतर हलंत आणि न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका कीबोर्डवर भरलेली नोंद दुसऱ्या कीबोर्डवरून शोधली तर सापडेलच असे नाही. तालुक्याच्या कचेरीत माणूस 'यादीत नाव नाही' ऐकून परत जातो, त्यामागे असाही एखादा बग असू शकतो. याला कुणी गंभीर म्हणणार नाही, त्याला डॉलर लागणार नाहीत, आणि तो स्टॉकहोममध्ये बसून सापडणारही नाही. तो सापडेल गंगाखेडात, रोज मराठीत टाइप करणाऱ्याला.

अशा कामाची महाराष्ट्राला परंपरा आहे. भारतीय लिप्यांचे 'लोहित' फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. त्यानंतर जोडाक्षरे, रफार, वेलांट्या यांच्या चुका हुडकून सुधारण्याचे काम पुण्यातून वर्षानुवर्षे चालले. मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिसपासून पुढचे धडे मराठीतही ऐकायला ठेवले. या कामांची यादी कुठल्याही बक्षीसफलकावर लागत नाही, म्हणून नव्या मुलांना ती दिसत नाही.

मग करायचे काय? स्टेनबर्गने एका टप्प्यावर विचारात घेतलेला एक उपाय म्हणजे तक्रारीसोबत अनामत घेणे: खरी निघाली तर परत, खोटी निघाली तर जप्त. वरवर पाहता चोख, पण मला तो मान्य नाही. बर्लिनच्या संशोधकाला जी रक्कम चहापाण्याची, ती गंगाखेडच्या विद्यार्थ्याच्या महिन्याच्या मेसची. चाळणी पैशाची लावली की पहिला तोच गळतो. चाळणी श्रमाची हवी. चूक पुन्हा घडवून दाखवणारी चाचणी आणि जमल्यास दुरुस्तीचा कोड जोडल्याशिवाय पैशाचा दावाच करता येऊ नये. यंत्राला दोन पाने लिहिणे सोपे आहे. चाचणी चालते की नाही, याचे उत्तर मात्र संगणक लगेच देतो. बक्षिसातला मोठा वाटा दुरुस्ती स्वीकारली गेल्यावर मिळावा आणि ती वाचून पारखणाऱ्यालाही त्यातला हिस्सा मिळावा. इंटरनेट बग बाउंटीने २०२१ पासून वीस टक्के रक्कम प्रकल्पाला द्यायला सुरुवात केली होती. दिशा बरोबर, प्रमाण तोकडे.

सांभाळण्यासाठी नियमित पैसा हवा आणि तो देणारे हळूहळू उभे राहत आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये त्यासाठी सॉव्हरिन टेक फंड स्थापन केला. आपल्याकडे झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलर ओपन सोर्स प्रकल्पांना देण्याचे जाहीर केले. भारत सरकारने २०१५ मध्येच कार्यालयांत ओपन सोर्स वापरण्याचे धोरण स्वीकारले. वापरण्याचे धोरण आहे, तर सांभाळण्याची तरतूदही असली पाहिजे. ज्या खात्याने परवान्यांचा खर्च वाचवला, त्याने बचतीतला काही भाग त्या कोडच्या देखभालीला देणे यात उपकार कसला? आणि सद्‌भावनेने, कुणाची माहिती न चोरता त्रुटी कळवणाऱ्याला कायद्याने स्पष्ट संरक्षण दिले, तर सगळी गर्दी ओपन सोर्सच्या अंगणातच लोटण्याचे कारणही उरणार नाही.

शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि आपल्या हातातला आहे. गंगाखेडची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचे आणि क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक मिळवावे लागतात, आणि लहान गावांत त्यासाठी काम कुठे मिळणार हा प्रश्न प्राध्यापकांना छळतो. ओपन सोर्स प्रकल्पाने स्वीकारलेली एक दुरुस्ती, त्यामागची चर्चा आणि चाचणी यांना हे श्रेयांक द्यावेत. अट एकच ठेवावी: संख्या मोजायची नाही, स्वीकार मोजायचा. शंभर विनंत्या पाठवणाऱ्याला शून्य आणि मराठी शोधातला एक बग मुळापासून सुधारणाऱ्याला पूर्ण गुण. अशी दुरुस्ती इंटरनेटवर कायम नावानिशी राहते. नोकरी देणाऱ्याला ती उघडून वाचता येते, आणि त्यासाठी पुण्याला जाऊन कुणाची ओळख काढावी लागत नाही.

कर्लने बक्षीस काढून घेतले, दार लावलेले नाही. खरी चूक सापडली तर आजही कळवता येते, आणि दुरुस्ती घेऊन गेलात तर आणखी चांगले. दाव्यांच्या सोडतीत नशीब काढणाऱ्या हजारोंपैकी एक होण्यापेक्षा एखाद्या प्रकल्पात विश्वासाने दुरुस्ती सोपवता येते अशा मोजक्या माणसांपैकी एक होणे गंगाखेडच्या मुलाला जास्त पैसे मिळवून देईल, जरा उशिरा पण टिकाऊ. तोवर त्याला शिकवणाऱ्यांनी आणि त्या कोडवर कमावणाऱ्यांनी आपापला वाटा उचलला पाहिजे.